काकांची एकतीस गिऱ्हाइकं

सेहेचाळीस वर्षांची झाली तरी घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. धाकटी सून म्हणून आली ती धाकटीच राहिली. केस पिकले, मुलगी कॉलेजात गेली, पण हाक काही मोठी झाली नाही. उंचीही हाकेला शोभेल अशीच. थोरली जाऊ म्हणायची, "हिला फळीवरचा डबा काढायला सांगावं तर आधी स्टूल आणून द्यावं लागतं." अशा बाईने खिडक्यांच्या काचा पुसायचं काम घ्यायचं ठरवलं, तेव्हा घरात आधी हसू झालं आणि मग भांडण.

त्याआधी बारा वर्षं ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. चादरी उकळायच्या, पिळायच्या, इस्त्रीच्या गरम रुळाखालून काढायच्या, घड्या घालायच्या. रात्री अंथरुणात पडली तरी अंगाला साबणाच्या पाण्याचा वास यायचा. तिथे खिडकी एकच, तीही पार छताशी, वाफेने पांढरी झालेली. पण पगार पहिल्या तारखेला हातात पडायचा. नवऱ्याच्या टेम्पोला कधी भाडं मिळायचं, कधी आठ-आठ दिवस टेम्पो दारातच उभा. घर चालायचं ते तिच्या चादरींवर.

काका म्हणजे तिच्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. लग्न केलं नाही, शिडीशीच संसार केला. चाळीस वर्षं या गल्ल्यांमधल्या घरांच्या, दुकानांच्या खिडक्या पुसल्या. आता गुडघे बोलायला लागले होते. लांब काठीने खालूनच काचा पुसणाऱ्या एका कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, तुमची सगळी घरं आम्हाला द्या म्हणाला. काकांनी त्याला पाणी पाजलं आणि वाटेला लावलं. मग एके दिवशी दुपारी धाकटीकडे आले, खुर्चीत बसले, म्हणाले,

"धाकटे, शिडी खाली ठेवतोय मी. गिऱ्हाइकं तू घे. घरातलं घरात राहू दे."

"मी? अहो काका, माझा हात पोचेल का वरच्या काचेला?"

"शिडी कशाला असते? उंच माणसांसाठी का?"

थोरली जाऊ भाजी निवडत होती. ती खाली मान घालूनच म्हणाली, "चांगलंय. आयत्या बिळावर नागोबा."

"एकतीस आहेत," काका म्हणाले. छाती जरा पुढे आली. "सहा वर्षांत एकही सोडून गेलेलं नाही. एकही."

धाकटीला त्या रात्री झोप लागली नाही. मोकळी हवा, आपली वेळ, वर ओरडणारं कुणी नाही. नवरा म्हणाला, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. ती म्हणाली, पळतं कुठे आहे, एकतीसच्या एकतीस जागेवर उभी आहेत. धुलाईखान्यातल्या मुकादमीणबाईने कागदावर सही घेताना सांगितलं, "जागा आठ दिवसांत भरते हं. मग रडत येऊ नकोस." धाकटी रडत आली नाही. हसत बाहेर पडली. बारा वर्षांत पहिल्यांदा तिने दिवसाउजेडी तो रस्ता पाहिला.

या धंद्यात गिऱ्हाईक हातात द्यायची एक रीत असते. जुना माणूस नव्याला घेऊन महिनाभर दारोदार फिरतो. दार उघडलं की म्हणायचं, पुढच्या वेळेपासून ही येईल. दारातलं माणूस म्हणतं, हो, येऊ दे. झालं. लिहिणं नाही, सही नाही. पण त्या महिन्यात फडकं जुन्याच्याच हातात राहतं, कारण शेवटची फेरी त्याच्या मानाची. नव्याने शिडी धरायची आणि बघायचं.

धाकटीने बघितलं. काकांच्या कामाची तऱ्हाच वेगळी. काच ओली करायची, रबरी पट्टी वरून खाली ओढायची, आणि डोळे मिटायचे.

"ऐक," ते म्हणायचे. "मळकी काच गप्प असते. स्वच्छ झाली की किरकिरते. काच बघायची नसते, ऐकायची असते."

धाकटीला वाटलं, याला म्हणतात कारागीर. घरी जाऊन तिने लेकीला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, जावेलाही सांगितलं. जाऊ म्हणाली, "मग आता कानात तेल घालून जा कामाला."

कोपऱ्यांत पांढरे ओघळ राहिलेले तिला दिसले होते. नाही कसे दिसणार? पण तिला वाटलं काच जुनी असेल. शिवाय दारातून मास्तरीणबाई म्हणत होत्या, "वा काका, आरसा केलात!" शिंपी टेप गळ्यात टाकून बाहेर येत होता, "काकांची माणसं ती आमची माणसं, या बिनधास्त." एकतीस दारं उघडली आणि एकतिसांनीही होकार दिला. तो होकार काकांच्या तोंडावर दिलेला आहे, एवढं मात्र तिच्या ध्यानात आलं नाही.

महिना संपला. धाकटी लेकीची जुनी पँट घालून, खांद्यावर शिडी, हातात बादली अशी एकटी निघाली. पहिलं घर मास्तरीणबाईंचं. शाळा सोडून दहा वर्षं झाली तरी आवाज अजून वर्गातलाच. दार अर्धंच उघडलं.

"अगं, आता नको."

"आज नको? उद्या येऊ?"

"उद्या नको, परवाही नको. रागावू नकोस गं. दोन-अडीच वर्षं काका पुसून जातात आणि मागून मी पुन्हा पुसते. त्यांना बिचाऱ्यांना दिसत नाही ना. मग म्हटलं, आहेत तोवर चालू दे. आता ते थांबले, मग उगाच कशाला?"

"दिसत नाही म्हणजे?"

मास्तरीणबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं गणित चुकलेल्या मुलीकडे पाहावं. "तुला माहीत नाही?"

शिंप्याच्या दुकानाची काच आधीच चकाकत होती. त्याचा मुलगा रोज सकाळी पुसायचा. "वहिनी, काकांचा शब्द मोडवेना म्हणून हो म्हणालो," शिंपी सुई दातात धरून बोलला. "त्यांच्यासमोर नाही कसं म्हणायचं?" एका घरात तर दारच उघडलं नाही, आतून पडदा हलला आणि थांबला. दातांचा डॉक्टर म्हणाला, ये, त्याला खरंच माणूस हवं होतं. असे काही निघाले. आठवड्याअखेर धाकटीने बोटं मोजली. एकतिसातली बारा राहिली होती. एकोणीस घरं गेली.

गेली तरी कसं म्हणावं? ती कधी खिडक्यांची गिऱ्हाइकं नव्हतीच. ती काकांची होती. दया ही काही शिडी नव्हे, एकाच्या खांद्यावरून उचलून दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवायला.

ती धुलाईखान्यातही जाऊन आली, कुणाला न सांगता. तिच्या जागेवर एक तरणी, उंच पोरगी चादरी ओढत होती. मुकादमीणबाईने एकदा पाहिलं आणि चादरी मोजत राहिली. ते जास्त लागलं.

तिथून ती सरळ काकांच्या खोलीवर गेली. काका पलंगावर बसून रेडिओ ऐकत होते.

"कोण, धाकटी? ये. कशी झाली फेरी?"

"काका, माझ्या हातात काय आहे?"

काकांनी मान एका बाजूला वळवली, कोंबडा बघतो तशी. "बादली."

"काही नाही काका. रिकाम्या हाताने आलेय मी."

काकांनी रेडिओ बंद केला.

"मधोमध धुकं आहे," ते म्हणाले. "कडेकडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाला, याला औषध नाही. तीन वर्षं होतील आता."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"कुणालाच नाही सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तुमची मूठ झाकलेली राहिली काका. माझी नोकरी गेली."

असं ती सासरच्या वडीलधाऱ्या माणसाशी जन्मात बोलली नव्हती. बोलून झाल्यावरही ती बसली नाही.

"मला वाटलं, एकदा तुझ्या हातात आलं की तू सांभाळशील," काका म्हणाले. मग आवाज खाली गेला. "नाही, हेही खोटंच. मला कळत होतं. शिंप्याच्या काचेला हात लावला की आधीच गुळगुळीत लागायची, धुळीचा कण नाही. एकदा नाही, दर वेळी. मी तसंच पाणी मारून पट्टी फिरवायचो. तो म्हणायचा, झकास काका. मी म्हणायचो, मग! दोघांनाही माहीत होतं, आणि दोघंही हसायचो."

धाकटीला राग आला होता, तो कुठे ठेवावा कळेना.

"मी येतो उद्यापासून," काका एकदम म्हणाले. "शिडी धरतो तुझी. मला बघून कुणी नाही म्हणणार नाही. बघच तू."

"नको! तेच नकोय मला. भीड भिकेची बहीण असते काका. आज तुमच्याकडे बघून हो म्हणतील. उद्या तुम्ही तापाने पडलात की परत दार बंद. मी काय तुम्हाला गळ्यात अडकवून फिरू?"

ती चहा न घेता निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात काका उभे. दाढी केलेली, हनुवटीला दोन ठिकाणी कापलेलं. जाऊ आतून ओरडली, "धाकटे, तुझे गुरुजी आलेत!"

"काल नाही म्हटलं ना मी?" धाकटी म्हणाली.

"भिडेसाठी नाही नेत तुला. बोलायचंय मला त्यांच्याशी. चल, आधी मास्तरीणबाई."

मास्तरीणबाईंनी दार पूर्ण उघडलं आणि तोंड एकदम गोड केलं. "या या काका! अहो, मी हिला म्हणणारच होते की…"

"बाई, थांबा," काका म्हणाले. "तुम्ही अडीच वर्षं माझ्या मागून काचा पुसल्यात. मला दिसत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही. उपकार झाले तुमचे. पण हिचं तसं नाही, हिला दिसतं. एक काच हिच्याकडून पुसून घ्या, फुकट. चष्मा लावून बघा. आवडली तर ठेवा, नाही तर नाही म्हणा. माझ्या तोंडाकडे बघून हो म्हणू नका. मला तुमचं तोंड दिसत नाही, तुम्हीही माझं बघू नका."

मास्तरीणबाईंचा चेहरा उतरला. चाळीस वर्षांत त्यांना कुणी असं गप्प बसवलं नसेल. त्या आत गेल्या आणि खरंच चष्मा लावून आल्या.

धाकटीने काच पुसली. कोपरे काडीला फडकं गुंडाळून काढले, चौकट कोरडी केली, खालची पट्टीसुद्धा. मास्तरीणबाईंनी जवळून पाहिली, लांबून पाहिली, तिरकी मान करून उजेडात पाहिली. पेपर तपासल्यासारखी.

"काम चोख आहे," त्या म्हणाल्या. मग जरा श्वास घेऊन, "पण मला नको. हातपाय चालतात तोवर मीच करीन. तेवढीच हालचाल होते."

धाकटीने शिडी मिटली. फाटकाबाहेर आल्यावर काकांनी विचारलं, "नाही म्हणाली ना?"

"नाही म्हणाली."

"बरं झालं," काका म्हणाले. अडीच वर्षं ज्या दारात वा वा ऐकली, तिथे हा पहिला खरा शब्द. "चल. शिंपी."

तीन दिवस ते फिरले. एकोणीस दारांत काकांनी तेच सांगितलं, मला दिसत नाही. प्रत्येक वेळी आवाज तसाच ताठ, आणि प्रत्येक वेळी संध्याकाळी खोलीवर परतताना पावलं थोडी जड. शिंपी ऐकून रडायलाच लागला, आणि रडत रडत नाही म्हणाला. मुलगा आहे ना, वहिनी. पडदेवाल्या घराने या वेळी दार उघडलं आणि हो म्हटलं. एकोणिसातून सहा परत आली.

बारा आणि सहा, अठरा. अठरांत घर उभं राहत नाही, नुसतं टेकून राहतं. म्हणून धाकटीने मागच्या गल्लीतल्या चार मजली इमारतीचे जिने धुवायचं कामही धरलं, पहाटेचं. जाऊ म्हणाली, "काचेवरून जिन्यावर. बढती झाली म्हणायची." पण त्या दिवसापासून जाऊ डबा स्वतः भरून द्यायला लागली, आणि धाकटीने त्याबद्दल तोंडातून चकार शब्द काढला नाही. काढला असता तर डबा थांबला असता.

तिच्या जिवाला लागून राहिलं ते वेगळंच.

काका आजवर या गल्ल्यांतून एकटे हिंडायचे. चाळीस वर्षांची वाट, पायांनाच पाठ. कोपऱ्यावरचा खांब, गटाराची फरशी, दोन पायऱ्या, पुढे चौक. रस्त्यात माणसं भेटली की आवाजावरून ओळखून आधी हाक मारायचे. कुणाला शंका आली असली तरी काका ताठ चालायचे, आणि ताठ चालणाऱ्याला कुणी हात द्यायला जात नाही. आता एकोणीस दारांत त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. एकोणिसाची एकोणसाठ व्हायला कितीसा वेळ लागतो?

एक दिवस धाकटी दातांच्या डॉक्टरकडे वरच्या मजल्याची खिडकी बाहेरून पुसत होती. खाली चौकात तिला काका दिसले, भाजी घ्यायला निघालेले. नेहमीसारखे कडेला थांबले, गाड्यांचा आवाज ऐकायला. तेवढ्यात शिंपी दुकानातून धावत आला. "थांबा थांबा काका, मी नेतो." आणि त्याने त्यांचं कोपर धरलं.

काकांनी हात झटकला. शिंप्याने परत धरला, दोन्ही हातांनी, अगदी प्रेमाने. पानाच्या दुकानावरची दोन माणसं बघत उभी राहिली. एक म्हणाला, "सावकाश न्या हो, दिसत नाही त्यांना."

काकांनी मग हात तसाच राहू दिला. मान खाली घालून, शिंप्याच्या पावलाशी पाऊल जुळवत ते चौक ओलांडून गेले. एवढे हळू ते कधीच चालत नव्हते.

धाकटीला वरून ओरडावंसं वाटलं, सोडा त्यांना, त्यांना वाट येते. पण कुठल्या तोंडाने ओरडणार? काकांच्या त्या कबुलीमुळेच ज्या तोंडात घास जात होता, त्याच ना? तिने शिडी घट्ट धरली. समोरच्या काचेवरचं साबणाचं पाणी खाली ओघळायला लागलं होतं, आणि वाळलं असतं तर डाग पडले असते. तिने डोळे पुसले, आधी ते, आणि मग पट्टी वरच्या कोपऱ्याला लावली.