प्लेगनंतरचं पहिलं भजन

प्लेगच्या साथीत आम्ही जुनी हुबळी सोडून माळावर झोपड्या घातल्या, आणि तिथेच माझी बायको गेली. माझ्या भजनी मंडळातला एकही माणूस तिला खांदा द्यायला आला नाही. एक खांदा माझा, एक मेव्हण्याचा, आणि दोन मिरचीबाजारातल्या हमालांचे, ज्यांच्याशी मी रोज भांडायचो. मंडळातले सगळे आपापल्या झोपडीच्या दारातून बघत होते. त्यांत अण्णाही होता.

अण्णा म्हणजे माझ्या शेजारच्या गाळ्यातला कापडवाला. नात्यागोत्याचा नाही, पण मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचा, आणि मी डोक्यावर मिरचीची टोपली घेऊन गल्ल्या फिरायचो तेव्हा त्याच्याच ओट्यावर टेकायचो. पुढे शेजारचा गाळा घ्यायचा ठरवला, तर मालकाशी बोलायला तो बरोबर आला आणि थोडा वेळ माझी घासाघीस ऐकून म्हणाला, "तम्मा, मी घरी जातो. इथे मला त्या मालकाचीच दया यायला लागली." भजनात मी ओळ उचलायची आणि त्याने ती धरायची, अशी आमची जोडी होती. तोच अण्णा त्या दिवशी दारात उभा राहिला. मी जाताना त्याच्याकडे बघितलं, तेव्हा त्याने मान खाली घातली.

साथ ओसरली, लोक परतले. दुकानं उघडण्याआधी देवळात भजन करायचं ठरलं. मंडळाने मलाही निरोप पाठवला. माझी थोरली बहीण, अक्का, तेव्हा माझ्या लहान पोरीला सांभाळायला आमच्याकडे येऊन राहिली होती. ती म्हणाली, "वर्षसुद्धा झालं नाही. कशाला जातोस?"

"जाणार," मी म्हणालो. कशाला ते सांगितलं नाही.

माझं ठरलं होतं. अख्खी पेठ समोर बसली की ओळ उचलण्याआधी टाळ खाली ठेवायचे आणि मंडळाकडे वळून विचारायचं, की त्या दिवशी तुमच्यापैकी कोणाकोणाचे खांदे दुखत होते? समोरच्याला उठून जाता येत नाही अशा वेळी बोलावं, हे मला बाजाराने शिकवलं होतं. ते वाक्य मी इतक्या वेळा घोळवलं होतं की ते अभंगासारखं पाठ झालं होतं.

दिवे लागले. देऊळ भरलं, पायऱ्यांवरही माणसं बसली. पोर पुढेच अक्काच्या मांडीवर होती. आम्ही ओळीने उभे राहिलो. माझ्या उजवीकडे अण्णा, नेहमीसारखा. लोकांनी गप्प बसावं म्हणून मी उजवा हात वर केला, आणि काखेतून कोपरापर्यंत कळ गेली.

टाळ उजव्या हातात घेऊन मी डाव्या हाताने सदऱ्याआडून चाचपलं. सुपारीएवढी गाठ हाताला लागली.

बायकोलाही पहिली कळ काखेतच आली होती. पाणी उपसून दुखत असेल, असं मी तिला म्हटलं होतं.

पाठ केलेलं वाक्य कुठे गेलं कोण जाणे. पखवाज सुरू झाला होता, माझ्या तोंडून ओळ निघाली, अण्णाने धरली. मी गात होतो आणि पोरीकडे बघत होतो. ती टाळ्या वाजवत होती. आई गेल्यावर पहिल्यांदाच वाजवत होती. तिला ताप आहे का, गाल लाल दिसतात ते दिव्याने की कशाने, हेच मी बघत होतो. सकाळी मी तिला कडेवर घेतलं होतं. कोणत्या बाजूला घेतलं होतं ते काही केल्या आठवेना. मी गेलो तर अक्का तिला किती दिवस पुरणार होती? 'गाठ' म्हणून ओरडलो असतो तर पायऱ्यांवरच्या गर्दीत पहिली तीच तुडवली गेली असती.

मी डावीकडे सरकलो. अण्णा माझ्याकडे सरकला. मी आणखी सरकलो, तो पुन्हा जवळ आला. ओळ संपल्यावर पखवाज एकटा वाजत होता तेव्हा तो पुटपुटला, "याकप्पा, का रे लांब जातोस? राग गेला नाही का अजून?"

"अण्णा, लांब हो. माझ्या काखेत गाठ आहे."

त्याचं तोंड पांढरं पडलं. तो एक पाऊल मागे गेला. मी म्हटलं, झालं. मग तो थांबला. गिऱ्हाईक पायरी उतरून थांबतं, तेव्हा त्याची पाठ बघून ते परत येणार की नाही हे मला कळतं. अण्णाचं मला कळेना. पुढची ओळ माझी होती. आवाज अर्ध्यावर फाटला. ती फाटलेली ओळ त्याने उचलली आणि अर्धं पाऊल पुढे आला. पूर्ण नाही, अर्धंच. तोंड दुसरीकडे वळवलेलं. गजर संपेपर्यंत तो तिथेच उभा होता.

रात्रभर मी गाळ्यातच बसून होतो. पोरीला कडेवर घ्यायला गेलो नाही. अक्काला बाहेरूनच सांगितलं, मालावर राखण करतोय. उजाडताच डॉक्टरकडे गेलो. त्यांनी हात वर करायला लावला, गाठ दाबली, ताप बघितला आणि म्हणाले, "काखमांजर आहे, काखेतलं गळू. प्लेग नाही. शेक द्या, पिकेल आणि फुटेल."

तिथून थेट अण्णाच्या दुकानाशी आलो. फळी आतून लावलेली होती. मी ती ठोकली. अण्णा आतच झोपला होता. घरी पोरंबाळं आहेत म्हणून तोही गेला नव्हता.

"काखमांजर निघालं," मी बाहेरून सांगितलं.

मग फळी सरकली. "काखमांजर," तो म्हणाला. "आणि मी रात्रभर मरणाची तयारी केली. आधी डॉक्टरला दाखवून यायचं, मग भजनाला उभं राहायचं."

"आणि तू त्या दिवशी का आला नाहीस?" माझा आवाज चढला. समोरच्या गाळ्यातलं माणूस बाहेर येऊन बघू लागलं.

"सुम्निर, गप्प बस," तो म्हणाला. मी गप्प होत नाही हे पाहून खाली बसला. "भ्यालो, तम्मा. दुसरं काही नाही. भ्यालो."

मी त्याला आजही पूर्ण माफ केलेलं नाही, आणि त्यालाही ते माहीत आहे. पण त्या सकाळी मी त्याच्या ओट्यावर टेकलो, काखेत फडकं धरून, आणि त्याने आतून पाण्याचा तांब्या आणून माझ्या शेजारी ठेवला. मग घरी जाऊन पोरीला उचलून घेतलं, डाव्या कडेवर.