जंतांनी गूळ खाल्ला, लसूण मला ठेवला

आज सकाळी भावकीच्या ग्रुपवर चुलतभावानं लिहिलं, "शाळेतली जंताची गोळी पोरांना देऊ नका. लसूण चारा. जुनी माणसं हेच करायची."

थांब की भावा! सत्तरच्या दशकात कोल्हापुरात त्या जुन्या माणसांचं पोर मीच हुतो.

आई आधी गुळाचा खडा द्यायची. गोडाला जंत गोळा होतात म्हणं! मग वरनं ठेचलेला लसूण. जंतांनी गूळ खाल्ला, लसूण माझ्या वाट्याला आला. पोट फुगलेलं ते फुगलेलंच.

शेवटी आईनंच मला दवाखान्यात न्यायला काखोटीला मारलं. शेजारीण दारातनं ओरडली, "अगं, लसूण दे की!"

"दिला की! जंत माजल्यात. आता औषधच पायजे."

जुन्या माणसांचं ऐकायचंय न्हवं? मग माझ्या आईचं अर्धंच का ऐकताय?