अभ्रकचा नवा अंक

मिरकरवाडा बंदरावरच्या एका बर्फ कारखान्याच्या ऑफिसात दमयंती शिवलकर एकवीस वर्षं कामाला आहे. ट्रॉलरवाले येऊन किती लाद्या हव्यात ते सांगतात, ती चिठ्ठी फाडून देते. सुपरहिरोंच्या कॉमिक्सच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनेकशे माणसं ह्या बाईचं मत वाचल्याशिवाय नवा अंक घेत नाहीत, हे त्या ट्रॉलरवाल्यांना ठाऊक नाही.

वाचनाची सवय आठवीपासूनची. ती आणि धाकटा भाऊ निलेश एकच अंक चटईवर मध्ये ठेवून वाचायची. त्याचं आधी वाचून व्हायचं, मग पान उलटायला तो तिची वाट बघत बसायचा. दोघांचा लाडका होता अभ्रक, अंगावर उजेड पडला की दिसेनासा होणारा. अठ्ठ्याण्णव साली अंक काढणाऱ्या कंपनीने त्याला मारलं आणि मालिका बंद केली. निलेश पुढे जहाजावर लागला. पण जहाज बंदराला लागलं, की कुठला नवा अंक कसा आहे हे विचारायला त्याचा फोन यायचाच.

गेल्या वर्षी कंपनीने अभ्रकला परत आणायचं जाहीर केलं. निलेशने जहाजावरूनच वर्षभराच्या अंकांच्या दोन-दोन प्रती नोंदवल्या. फेब्रुवारीत तो जहाजावरच हृदयविकाराने गेला. त्याला घरी आणायला अठरा दिवस लागले. दिवसकार्य झाल्यावर दमयंती कामावर गेली. ती रडली नव्हती. लोक म्हणाले, बाई घट्ट आहे. तिला आमटीत मीठ कमी पडलेलंही कळत नव्हतं.

जूनमध्ये पार्सल आलं. निलेशच्या बायकोने, राजश्रीने, ते उघडलं.

"वन्सं, दोन आहेत. सारखेच."

"त्याने दोनच मागवलेले."

"दुसरा कुठे ठेवू?"

"ठेव कपाटावर."

मासेमारी बंद असल्यामुळे ऑफिसात कोणी फिरकत नव्हतं. दमयंतीने तिथेच अंक वाचला आणि ग्रुपवर लिहिलं:

"चित्रं स्वच्छ. रंग फार चकचकीत, सगळं ओलं असल्यासारखं दिसतं. अभ्रक पूर्वी मोजकं बोलायचा, आता थांबत नाही. खलनायकाला वाईट व्हायला आता दुःखी बालपण लागतं, आधी नुसती हाव पुरायची. मुखपृष्ठं पाच काढलीत, आत गोष्ट एकच. सहाव्या पानावर अभ्रक दारात उभा राहतो आणि आई त्याला जेवायला वाढते. इतकी वर्षं कुठे होतास, असं विचारत नाही. लेखकाने तिला विचारू द्यायला हवं होतं. दहापैकी पाच."

ग्रुपवर वाद झाला. 'ताई, फार कठोर झालात,' असं कोणीतरी लिहिलं.

सावर्ड्याच्या आत्माराम नावाच्या मास्तरांनी मात्र वेगळंच विचारलं. त्यांना अंक कुठे मिळाला नव्हता, वाचायला मिळेल का?

घरी राजश्री तांदूळ निवडत होती. दमयंती म्हणाली, "तो दुसरा अंक एकांना देऊन टाकू?"

"तुम्हाला चालेल?"

"मला काय."

राजश्रीने दोन खडे बाजूला काढले. "आधी मी वाचते. मग द्या."

राजश्रीने आयुष्यात असलं काही वाचलं नव्हतं. तिला दोन दिवस लागले. कुठला चौकोन आधी आणि कुठला नंतर, हे तिला समजेना, तेव्हा दमयंतीने शेजारी बसून बोटाने दाखवलं. तिसऱ्या दिवशी अंक एसटीने सावर्ड्याला गेला.

"पुढचे पण दोन येणार ना?" राजश्रीने विचारलं.

"ऑगस्टात."

"त्यातला एक मला ठेवा."

दमयंती बरं म्हणाली आणि आंघोळीचं पाणी तापलं का ते बघायला गेली.