हात लावायची परमिशन

आमच्या मुकुंदवाडीतल्या सोसायटीचा लिनक्सवाला कॉम्प्युटर सांभाळणारे शेजारी चिवड्याची बशी समोर आली तरी विचारतात, "नुसतं बघायचं, का हात लावायची परमिशन हाय?"

त्या कॉम्प्युटरवर पाण्याच्या पाळ्यांची फाइल असते. जो तो ती उघडून आपली इमारत वर सरकवायचा, मग भांडणं. परवा त्यांनी बंदोबस्त केला. फाइल वाचायची सगळ्यांनी, बदलायची फक्त सचिवांनी, म्हणजे मी. पासवर्डही मलाच टाकायला लावला, स्वतः पाठ फिरवून.

"अहो, तुमचा हक्क तरी ठेवा," मी म्हटलं.

"नको ताई. आमची बायको लई गोड बोलती."

संध्याकाळी ती आलीच, गरम थालीपीठ घेऊन. "ताई, आमची इमारत जरा वर घेता का?"

मी थालीपीठ खाल्लं, मनापासून तारीफ केली आणि तिला फाइल वाचून दाखवली.