बूटवाल्या साहेबाचे डोळे

प्रभाताईंनी कुंपणापलीकडचं ते भांडण ऐकलं तेव्हा त्यातला एक शब्दही त्यांना कळला नव्हता. आयर्लंडमधल्या ब्लँचर्डस्टाउनला लेकाकडे येऊन जेमतेम महिना झालेला. शेजारची विदा फोनवर खिदळत होती आणि तिची म्हातारी आई ओना तिला दटावत होती. मग दोघींची चांगलीच जुंपली, पण सगळं कुजबुजत. पेणला भांडण म्हणजे चार घरांना ऐकू गेलंच पाहिजे; हे कुजबुजतं भांडण प्रभाताईंना नवंच होतं.

अर्थ पुढे विदानंच सांगितला, प्रभाताईंच्या नातीला, केतकीला, मधे बसवून. केतकीला मराठी समजे पण ती बोले इंग्रजीत. आजीसाठी तिनं जीभ वळवली. विदा लिथुआनियाची. तिथे सोव्हिएत राज्य होतं तेव्हा गावच्या चौकात एका बड्या साहेबाचा पुतळा होता. लांब कोट, बूट, हात पुढे. एकदा त्याच्या नाकावर कबूतर बसलं आणि एकोणीस वर्षांची ओना हसली. कुणीतरी वर कळवलं. तिचं नर्सिंगचं शिक्षण सुटलं ते सुटलंच. पुतळा पडला, राज्य गेलं, पण साहेबाला हसायचं नाही हा नियम ओनानं आयर्लंडपर्यंत आणला. विदाला उन्हाळ्यातल्या मिरवणुकीत साहेबाचं सोंग काढायचं होतं; भांडण त्यावरूनच. आईनं एकदा तरी त्याला भर रस्त्यात हसावं, एवढंच.

प्रभाताईंची शाळा तिसरीपर्यंत, पण गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी चाळीस वर्षं केलेली. त्यांनी काम अंगावर घेतलं. विदाच्या गराजमध्ये कागदाचा लगदा भिजला, साहेब उभा राहिला. पोट सुटलेलं, बूट दोन्ही डाव्या पायाचे, पुढे केलेल्या हातात बाजाराची पिशवी. शेवटी आखणी.

मिरवणुकीच्या सकाळी विदानं आईला आणून समोर उभं केलं. बूट पाहून ओना जरा सैलावली. मग तिनं वर त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि ती मागे सरली.

"आजी, तू याला बाप्पाचे डोळे काढलेस," केतकी म्हणाली.

खरंच की. हाताला सवय तीच. साहेब सगळ्या जगावर कृपा करत उभा होता. ओना काहीतरी पुटपुटली. विदानं ते केतकीकरवी सांगितलं. "आई म्हणते, हा मला माफ करतोय. मी याचं काय केलं होतं?"

प्रभाताई ओशाळल्या. आखलेले डोळे त्यांनी जन्मात पुसले नव्हते. तसं कुणी करतच नाही. मग "हा काही देव नव्हे," म्हणून त्यांनी पांढरा रंग फासला, नाकावर कागदाचं कबूतर बसवलं आणि साहेबाची दोन्ही बुबुळं त्याच्याकडे वळवली. पार तिरळा झाला बिचारा.

साहेबाला घेऊन गाडा रस्त्यावर आला तेव्हा ओना फुटपाथवर उभी होती. तिनं आधी मागे वळून पाहिलं. मागे एक जाडगेले आयरिश आजोबा आइस्क्रीम सांडेपर्यंत हसत होते. मग ओनाही हसली, हळूहळू मोठ्यानं, शेवटी कवळीला हात लावावा लागला इतकी.

शनिवार होता. ओळख झाल्यापासून दर शनिवारी प्रभाताई ओनाला औषधांच्या दुकानात नेत. हाताचा रंगही न धुता त्या निघाल्या. हसून हसून लागलेली ओनाची उचकी काही थांबेना. दुकानातल्या मुलीनं ब्लडप्रेशरच्या गोळ्या दिल्या, "ग्रँड?" विचारलं, म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक ना?'. प्रभाताई "ग्रँड" म्हणाल्या, पुडी पिशवीत टाकली आणि ओनाचा हात धरून सिग्नलशी येऊन उभ्या राहिल्या.