मागच्या सीटची माणसं

बिबवेवाडीत मन्सूरभाईंच्या दुकानातून गाडीला अलॉयची चाकं बसवून घ्यायची, तर सोबत माणसं न्यावी लागत. हा त्यांचा नियम होता. चाकं चढली, नट आवळले, की मागच्या सीटवर तिघांना बसवायचं आणि गाडी दुकानासमोरच्या गतिरोधकावरून न्यायची. तो गतिरोधक म्हणजे एक छोटी टेकडीच आहे. मन्सूरभाई स्वतः चालवत, काच खाली करून कान बाहेर काढत. टायर मडगार्डला घासल्याचा खर्र असा आवाज आला, की गाडी परत आत. मग गिऱ्हाईक कितीही गयावया करो, ती चाकं त्या गाडीला नाहीत म्हणजे नाहीत.

माणसं कमी पडली, की समोरच्या सोसायटीतल्या श्यामसुंदर आपट्यांना हाक जायची. आपटे बँकेतून निवृत्त झालेले, अंगाने भक्कम. कुरकुरत यायचे, पण यायचे.

"मन्सूर, निवृत्तीनंतर भारतभ्रमण करणार होतो मी," मागच्या सीटवर अंग चोरून बसत ते म्हणत. "तू मला या गतिरोधकापलीकडे कधी नेलं नाहीस."

"आपटेसाहेब, तुमच्या वजनावर माझा धंदा चाललाय."

"तेवढं तरी कुणाच्या उपयोगी पडलं म्हणायचं."

सगळा खेळ ऑफसेटचा असतो. चाक गाडीला जिथे नटांनी आवळतात, ती बैठक चाकाच्या मध्यापासून किती बाहेरच्या अंगाला आहे, तो आकडा म्हणजे ऑफसेट. आकडा मोठा तर चाक आत राहतं. आकडा लहान तर चाक बाहेर येतं, थेट मडगार्डच्या काठाशी. पोरांना ते बाहेरचंच हवं असतं. रिकामी गाडी तशी दिसतेही झकास, छाती काढून उभी राहिल्यासारखी. पण माणसं बसली की ती मागून दबते आणि मडगार्डची कड टायर सोलायला लागते. नाकापेक्षा मोती जड, आणि नाक तुटलं तरी मोती मिरवायचा, अशी ही तऱ्हा. मन्सूरभाईंना तिची मनापासून चीड होती.

आणि नेमका त्यांचाच मुलगा शहाबाज त्यातला निघाला.

घरची एक पांढरी एस्टीम होती. शहाबाज शाळेत असल्यापासूनची. डिप्लोमा करून तो दुकानात आला तेव्हा बापलेकांनी मिळून ती सजवायला घेतली. स्प्रिंगा बदलल्या, गाडी थोडी खाली बसवली, रंग नवा मारला. रविवारी दुकान बंद ठेवून दोघं तिच्याखाली लोळत असत आणि शहाबाजची आई नसीमबानू दोघांचे काळे झालेले कपडे वेगळे भिजवत असत. मन्सूरभाईंच्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस. तेव्हा ते त्यांना कळलं नाही, एवढंच.

चाकांवर येऊन सगळं अडलं. मन्सूरभाईंनी अडतीस ऑफसेटची चाकं काढून ठेवली होती. शहाबाजने कुठून कुठून शोधून पंचविसाची आणली, करड्या रंगाची. बसवली तेव्हा गाडीवरून नजर हटेना. मन्सूरभाईंचीसुद्धा हटत नव्हती, पण त्यांनी तसं म्हटलं नाही. त्यांनी नसीमबानूंना, मुलगी अलिझाला आणि आपट्यांना मागे बसवलं आणि गाडी गतिरोधकावर घातली.

खर्र.

"अब्बा, रोज मागे तिघं बसून कोण फिरतंय?" शहाबाज म्हणाला. त्याचे मित्र बघत उभे होते. "जे कधी बसतच नाहीत, त्यांच्यासाठी तुम्ही गाडी करता."

"गाडी घरच्यांनी बसायला असते. फोटो काढायला नसते."

आणि मन्सूरभाईंनी त्या मित्रांसमोर स्वतःच्या हाताने चारही चाकं उतरवली. मडगार्डची कड आतून दुमडून घेतली असती, तर तीच चाकं बसली असती. अर्ध्या दिवसाचं काम, गिऱ्हाइकांना ते कितीदा करून देत. पोराला नाही दिलं. बापाचा शब्द खाली पडला असता ना! अडतिसाची चाकं बसली, करडी माळ्यावर गेली. शहाबाज त्यानंतर एस्टीमच्या खाली कधी गेला नाही. पुढच्या वर्षी तो कॅनडाला गेला.

"तिकडे थंडीत दोन वर्षं काढेल आणि येईल," मन्सूरभाई सांगत. "आला की सगळे मिळून पानशेतला जाऊ. गाडी तयार आहे."

गाडी खरंच तयार असायची. दर जुम्म्याला धुतलेली, बॅटरी चार्ज केलेली. दोनदा टायर बदलले, तेही झिजले म्हणून नव्हे. नुसतं उभं राहून रबर कडक झालं होतं.

दरम्यान मागच्या सीटची माणसं पांगली. अलिझा लग्न होऊन सोलापूरला गेली. येते ती नवऱ्याच्या गाडीने, आणि त्याच दिवशी परतते. आपट्यांना मुलाने वारज्याला नेलं. जाताना ते म्हणाले, "चला, गतिरोधक ओलांडला एकदाचा," आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. दुकानात येणारी पोरं आता चाकं मोबाइलवर निवडून, घरी मागवूनच आणतात. मागे तिघांना बसवा म्हटलं की एकमेकांकडे बघतात. "काका, मागे वूफर आहे," एकाने सांगितलं. मन्सूरभाईंनी नट आवळले आणि गाडी सोडून दिली. नियम मोडला तो असा, मुकाट्याने.

यंदाच्या ईदला शहाबाजचा फोन आला. नसीमबानूंनी स्पीकर लावला होता.

"अब्बा, इथं घर घेतलंय. आता मधे सुट्टी काढून येणं अवघड दिसतंय. तुम्ही दोघंच या ना इकडे. बघतो मी कागदपत्रांचं."

"बरं," मन्सूरभाई म्हणाले.

कागदपत्रांचं बघतो, हे तो मागेही म्हणाला होता. फोन ठेवून नसीमबानू ओट्याकडे वळल्या.

"त्याची ती चाकं माळ्यावर आहेत ना अजून?" त्यांनी विचारलं. "बसवून टाका."

"घासतील."

"मागे कोण बसणारे?"

त्या हे टोचून बोलल्या असत्या, तर मन्सूरभाईंना उत्तर देता आलं असतं. त्या अगदी साधं बोलल्या. इतकी वर्षं आपण एकटेच वाट बघत होतो आणि हिने केव्हाच सोडून दिली होती, हे त्यांना तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी करडी चाकं खाली काढली, धुतली, नवे टायर चढवले. मडगार्डची कड दुमडावी का, असं क्षणभर मनात आलं. पण आता त्याची गरजच नव्हती. कड तशीच ठेवून त्यांनी नट आवळले. नसीमबानू शेजारी पुढच्या सीटवर बसल्या. मन्सूरभाईंनी सवयीने काच खाली केली, कान बाहेर काढला आणि गाडी गतिरोधकावर घातली.

काहीच आवाज आला नाही. ते वळून आले, पुन्हा गेले. पुन्हा नाही.

"झालं?" नसीमबानूंनी विचारलं.

"झालं."

दुकानासमोर गाडी तिरकी लावून त्यांनी फोटो काढला आणि शहाबाजला पाठवला. दिसत होती मात्र देखणी. उत्तर लगेच आलं.

"अब्बा!! माझी चाकं! एक नंबर! पण मागे तिघं बसले की घासेल ना?" पुढे हसणारे दोन चेहरे.

मन्सूरभाईंनी चष्मा पुसला, मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं आणि एका बोटाने सावकाश लिहिलं, "नाही घासत."