कोंबड्याच्या चतुःसीमा

समुद्रपूरला आमच्या घरी दंतमंजन तयार होत असे. बाभळीची साल, लवंग आणि सैंधव आई कुटायची, बाबा ते चाळायचे आणि पुड्या बांधून आठवडी बाजारांत विकायचे. पुडीवर तांबड्या कोंबड्याचं चित्र होतं. गिऱ्हाईक मंजन मागतच नसे; "एक कोंबडा द्या," म्हणे. ते चित्र हिंगणघाटच्या एका पेंटरनं काढलं होतं. त्याला पैसे मिळाले, आम्हाला चित्र मिळालं. कागद करावा असं कुणाच्या मनातही आलं नाही.

मी वर्ध्याला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात असताना बाबा एका सकाळी अचानक माझ्या खोलीवर आले. हिंगणघाटचा एक मोठा किराणा व्यापारी स्वतःचं मंजन काढणार होता आणि त्या पेंटरकडून तोच कोंबडा स्वतःच्या नावानं लिहून घेणार होता. तसं झालं तर आमच्याच पुड्या चोरीच्या ठरणार होत्या. बाबांनी हे सांगितलं आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "चाल, वकिलाकडं."

वकिलानं फी सांगितली. बाबांनी टोपी सारखी केली आणि उठले. रस्त्यावर आल्यावर माझ्याकडे वळले.

"तू कालेजात काय शिकून राह्यला मंग? एक कागद लिहिता येत नाई?"

"बाबा, कायद्याचा कागद असतो तो. चुकला तर..."

"तर चुकू नको."

आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीपुढे गेलं नव्हतं. मला सगळं येत असणार, असं घरच्यांना वाटे, आणि मला काय येत नाही हे सांगायची मला लाज वाटे. दुपारी मी व्यापारी कायदा शिकवणाऱ्या सरांच्या दाराशी बराच वेळ उभा राहिलो. शेवटी त्यांनीच आत बोलावलं. ऐकून घेऊन म्हणाले, "सगळा दस्त वकिलाकडून लिहून घेतला तर महागच पडतो. मसुदा तू लिही आणि त्याला नुसता वाचायला दे. वाचायचे पैसे थोडे लागतात. कोण देतो, कोणाला देतो, काय देतो, किती मोबदल्यात, हे साध्या भाषेत लिही. आणि काय देत नाही, तेही लिही."

शेवटचं वाक्य मला कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

नमुना म्हणून घरात एकच दस्त होता, आजोबांनी घेतलेल्या वावराचं खरेदीखत. मी गावी जाऊन तेच समोर ठेवलं. वावर होतं तिथं कोंबडा लिहिला. 'वंशपरंपरा उपभोग घ्यावा' तसंच ठेवलं. चतुःसीमांपाशी, म्हणजे चारी दिशांच्या हद्दींपाशी, अडलो. चित्राला कसल्या सीमा? पण त्या गाळल्या तर दस्त कच्चा राहील, अशी भीती वाटली. मग पुडी समोर धरून लिहिलं : पूर्वेस उगवता सूर्य, पश्चिमेस शेपूट, उत्तरेस तुरा, दक्षिणेस गवत.

मसुदा वकिलाला वाचायला द्यायला वेळच मिळाला नाही. व्यापाऱ्याचा मुनीम दुसऱ्याच दिवशी पेंटरकडे जाणार असल्याचं कळलं. बाबांनी स्टँपपेपर घेतला, तोही एकच, आणि आम्ही पहिल्या मोटारीनं हिंगणघाटला गेलो.

पेंटर अंगणात एका बैलबंडीच्या मागच्या फळीवर रंग देत बसला होता. बंडीवाला शेतकरी शेजारीच बिडी ओढत होता. बाबांनी येण्याचं कारण सांगितलं. पेंटरनं ब्रश पाण्यात ठेवला.

"वाचा, कालेजवाले."

मी मसुदा वाचू लागलो. चतुःसीमा आल्या तसा बंडीवाला खोकेपर्यंत हसला. "कोंबडा विकून राह्यले का वावर? धुऱ्याबांधावरून भांडण होईन ना बाप्पा!"

पेंटर हसला नाही. "मांगचं पुन्हा वाचा. वंशपरंपरा."

मी पुन्हा वाचलं.

"म्हंजे म्या कोंबडा काढाचा नाई. माह्या पोरानंबी काढाचा नाई." त्यानं बंडीकडे बोट केलं. "पोळ्याच्या आंधी ज्याले त्याले बंडीवर कोंबडाच पायजे. मी खाऊ काय?"

"बंडीचं कोन बोलून राह्यलं?" बाबा म्हणाले.

"तुमचा कागद बोलून राह्यला, भाऊ."

बाबांचा चेहरा उतरला. "शेठनं जास्त कबूल केले वाटते तुले."

"असं बोलाचं असन तर उठा."

तेवढ्यात मुनीम दारातून आत आला. काखेत टाइप केलेला कागद होता. आम्हाला पाहून तो क्षणभर थांबला, मग खाटेवर ऐसपैस बसला. "चालू द्या तुमचं. आमच्या कागदात सूर्यबिर्य काई नाई. सही केली का मोकळे."

माझं लक्ष त्या फळीकडे गेलं. ओला, तांबडा कोंबडा. तोच तुरा, तीच शेपूट. पण त्याच्यापुढे काहीच नव्हतं, नुसती निळी फळी.

"बंडीवरच्या कोंबड्यापुढं सूर्य नसतो?" मी विचारलं.

"बंडीवर सूर्य कायले? मंजन सकाळचं, म्हून पुडीवर काढला."

मला बोलताना दोनदा थांबावं लागलं. "मग... पुडी कागदावरच चिकटवू. हे चिकटवलेलं, सूर्यासहित असलेलं चित्र मंजनासाठी आणि मंजनाच्या जाहिरातीसाठी बाबांचं. बंड्या, दारं, भिंती यांच्यावरचे बिनसूर्याचे कोंबडे तुमचे, तुमच्या मुलाचेही. तसं लिहितो."

"कोनाचा पोरगा हायेस तू?" बाबा दबक्या आवाजात म्हणाले. "आपुनच सोडून द्याचं?"

"बंडीवरचा कोंबडा आपल्याला कुठं लागतो, बाबा?"

बाबांनी फळीवरचा कोंबडा एकदा नीट पाहून घेतला. पेंटर मुनीमाकडे वळला.

"तुमच्या कागदात माह्या बंड्या हायेत का?"

"सगळं हाय. एकदम पक्कं काम हाय."

"म्हंजे सगळं तुमचं."

मुनीमानं रुमालानं मान पुसली. "शेठले विचारून सांगतो."

"विचारजो."

मी गुडघ्यावर पाटी घेऊन स्टँपपेपरवर लिहायला बसलो. दुसरा कागद नव्हता. प्रत्येक ओळ लिहिण्याआधी मोठ्यानं म्हणत होतो, आणि पेंटर मान हलवेपर्यंत टाक खाली टेकवत नव्हतो. वंशपरंपरा आता दोन्हीकडे आलं. चतुःसीमा तशाच ठेवल्या. पुडी खळीनं चिकटवली. बाबांनी मोबदल्याचे पैसे मोजून दिले, पेंटरनं सही केली. हसणाऱ्या बंडीवाल्यानं साक्षीदार म्हणून अंगठा दिला आणि शाईचं बोट बैलाला पुसलं. मुनीम कधी उठून गेला ते कळलंच नाही.

परतीच्या मोटारीत बाबांनी कागद धोतराच्या सोग्यात गुंडाळून मांडीवर धरला होता. तो अजून वकिलाकडून वाचून घ्यायचा होता, आणि कुठं चुकलं तर नाही ना, म्हणून मी मनातल्या मनात एकेक शब्द पुन्हा तपासत होतो.

वाटेत मोटारीपुढे एक बंडी आडवी आली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. बंडीच्या मागच्या फळीवर तांबडा कोंबडा होता. बाबा एकदम सीटवरून उठले, दांडी धरून वाकले आणि डोळे बारीक करून पाहत राहिले. बंडी बाजूला झाली. मोटार पुढे निघाली.

"सूर्य नाई," ते म्हणाले आणि खाली बसले.